लादीकाम, जुन्या सदनिकांतील

मुंबई शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या निवासी इमारतींमधील मूळ जमीन, विशेषतः नक्षीदार सिमेंट लाद्यांची व मोझेइकची जमीन, तसेच सदनिकेचे नूतनीकरण करताना ती जागच्या जागी राखण्याची पद्धती, यांचा समावेश या विषयात होतो. ‘लादी’ हा शब्द मूळचा घडीव दगडी चिपेसाठी रूढ असला, तरी मुंबईत तो जमिनीवर बसविलेल्या कोणत्याही चौरस तुकड्यास लावतात. पुणे व देशावरील इतर भागांत त्याच अर्थी ‘फरशी’ हा शब्द अधिक प्रचलित आहे. घराचा रंग, विजेच्या तारा, नळ, खिडक्यांची तावदाने ही वरचेवर बदलली जातात. जमीन मात्र बहुधा एकदाच घातली जाते व इमारतीइतकीच टिकते. त्यामुळे ज्या घराचा दर्शनी भाग पूर्णपणे बदलला आहे, त्याच्याही मूळ रचनेचा आणि त्यात राहणाऱ्यांच्या जीवनपद्धतीचा पुरावा लादीकामात शिल्लक राहिलेला आढळतो. नूतनीकरणात सर्वप्रथम उखडली जाते तीही बहुधा जमीनच असल्याने हा पुरावा झपाट्याने नाहीसा होत आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सामान्य घरांत तळमजल्यावर शेणाने सारवलेली जमीन, चुन्याचा कोबा अथवा शहाबादी फरशी असे. वरच्या मजल्यांवर सागवानी तुळया व त्यांवर फळ्या टाकून, कधी त्यांवर चुन्याचे काँक्रीट पसरून, जमीन करीत. सध्याच्या कर्नाटक राज्यातील शहाबाद येथील करड्या चुनखडकाच्या फरश्या लोहमार्गामुळे मुंबईस सुलभपणे येऊ लागल्या आणि चाळींच्या सज्जांत, मोऱ्यांत व जिन्यांत त्या सर्रास वापरल्या गेल्या. नक्षीदार लाद्या या काळात सार्वजनिक वास्तूंपुरत्या मर्यादित होत्या. भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम (१८७२, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) यासारख्या वास्तूंत इंग्लंडमधील मिंटन कंपनीच्या भाजलेल्या मातीच्या लाद्या बसविण्यात आल्या. या लाद्यांत वेगवेगळ्या रंगांची माती एकमेकींत भरून नक्षी साधलेली असे व ती भट्टीत भाजून पक्की केली जाई. त्या दिसण्यात सिमेंट लादीशी मिळत्याजुळत्या असल्या, तरी त्यांची घडण मूलतः भिन्न आहे. जतनाच्या कामात हा भेद प्रथम ओळखावा लागतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली आणि तिच्या परिणामी १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यासाची (बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची) स्थापना झाली. न्यासाने दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत आखलेल्या वसाहतींत हवा व उजेड खेळेल अशा इमारतींवर भर देण्यात आला. पाण्याने धुता येणारी, सांधे घट्ट असलेली आणि उंदरांना बिळे करू न देणारी जमीन ही आता केवळ हौसेची बाब न राहता आरोग्याची गरज मानली जाऊ लागली. सिमेंट लादीने ही गरज आणि शोभा या दोन्ही गोष्टी एकदम भागविल्या.

सिमेंट लादीचा उगम व भारतातील उत्पादन : पोर्टलंड सिमेंटचे एकस्व (पेटंट) जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. त्यानंतर न भाजता, केवळ दाब व पाणी यांच्या साहाय्याने घट्ट होणारी लादी तयार करणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समधील सिमेंट कारखान्यांच्या परिसरात अशा लाद्या होऊ लागल्या आणि १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात बार्सेलोनाच्या गॅरेत, रिव्हेत आणि कंपनीने त्या मांडल्या. तेथून त्यांचा प्रसार भूमध्य समुद्राकाठचे देश, लॅटिन अमेरिका आणि यूरोपीय वसाहती यांत झाला.

भारतात पोरबंदर येथे १९१४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले आणि देशी सिमेंट लादीला आधार मिळाला [⟶ सिमेंट]. फेरोजशा सिधवा व रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ मध्ये मुंबईत ‘भारत टाइल्स’ या नावाने लाद्यांचा उद्योग सुरू केला. परदेशी लादीच्या तोडीचा माल देशात करून दाखविणे हा त्यामागील हेतू होता. पुढील दोन दशकांत मुंबईत जी बांधकामांची लाट आली, तीत या व इतर लहानमोठ्या उत्पादकांच्या लाद्या हजारो घरांत पोहोचल्या. पुष्कळ लाद्यांच्या पाठीवर उत्पादकाचे नाव वा चिन्ह उठविलेले असते. लादी बसविल्यावर ते दिसेनासे होते. परंतु दुरुस्तीसाठी एखादी लादी निघाली, तर लादीकामाचा काळ व उगम ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

लादीची घडण : नेहमीच्या लादीचा आकार २० × २० सेंमी., जाडी सु. २ सेंमी. व वजन जवळजवळ २ किग्रॅ. असते. लोखंडी साच्यात नक्षीच्या रेषांप्रमाणे वळविलेल्या पातळ धातुपट्ट्यांचा विभाजक ठेवतात. त्याच्या प्रत्येक कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व खनिज रंगद्रव्य यांचे पातळ मिश्रण पळीने ओततात. तांबडा, पिवळा व काळा हे रंग लोहाच्या ऑक्साइडांपासून आणि हिरवा क्रोमियम ऑक्साइडापासून मिळतो. विभाजक अलगद उचलल्यावर रंग एकमेकांना भिडतात, पण मिसळत नाहीत. त्यावर सिमेंट व बारीक वाळू यांचा कोरडा थर पसरला जातो. तो वरच्या मिश्रणातील जादा पाणी शोषून घेतो. सर्वांवर जाडसर वाळू व सिमेंट यांचा पाठीचा थर देऊन साचा दाबयंत्राखाली दाबतात. लादी काही दिवस पाण्यात ठेवून मुरविली जाते.

या कृतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रंग हा पृष्ठावरील लेप नसून ३ ते ५ मिमी. जाडीचा थर असतो. म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही नक्षी पुसली जात नाही. दुसरी, लादीची तुळतुळीत कांती घासून आणलेली नसून साच्याच्या गुळगुळीत तळामुळे आलेली असते. पुढे अनवाणी पायांचा वावर आणि रोजचे पुसणे यांमुळे ती वाढत जाते. यंत्राने घासून हा वरचा घट्ट पापुद्रा काढला, तर खालची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात व डाग चटकन धरले जातात.

मोझेइक लादीत रंगीत नक्षीऐवजी संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसवून पृष्ठ घासलेले असते. हेच काम जागेवर ओतूनही करतात व त्यात काचेच्या अथवा पितळी पट्ट्यांनी आकृती विभागतात. फुटलेल्या चिनी मातीच्या तुकड्यांची जमीन व गच्ची हा आणखी एक प्रकार असून तिला बोलीभाषेत ‘चायना मोझेइक’ म्हणतात. सिमेंट काँक्रीटच्या लाद्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९५९ मध्ये मानक ठरविले. तोपर्यंत नक्षीदार लादीची जागा करड्या-पांढऱ्या मोझेइक लादीने बव्हंशी घेतलेली होती.

मुंबईतील प्रसार व मांडणी : १९३० ते १९५० या काळात बॅक बे भरावावरील मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाचा पश्चिम भाग, तसेच दादर, शिवाजी पार्क, माटुंगा येथे सलोह काँक्रीटच्या तीन ते पाच मजली इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशा आर्ट डेको शैलीच्या आहेत. चाळीतील खोली आणि बंगला यांच्या मधला, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप असलेला ‘ब्लॉक’ हा राहण्याचा नवा प्रकार मध्यमवर्गाने याच इमारतींतून स्वीकारला. लादीकामाची मांडणी या नव्या घराच्या विभागणीशी जुळणारी होती. दिवाणखान्यात मध्यभागी गालिच्याप्रमाणे नक्षी, तिच्याभोवती वेगळ्या लाद्यांची किनार आणि भिंतीलगत साध्या रंगाची पट्टी असे. शयनगृहात नक्षी सौम्य होई, सज्जात काळ्यापांढऱ्या चौकटी येत आणि स्वयंपाकघरात व माजघरवजा मार्गिकेत साधी किंवा ठिपक्यांची लादी वापरीत. खोलीचा दर्जा व उपयोग हे अशा रीतीने जमिनीवरच लिहिलेले असत. म्हणूनच भिंत पाडली, तरी तिची जागा लादीकाम सांगते.

या जमिनीशी राहणाऱ्यांचा संबंध निकटचा होता. पाटावर बसून जेवणे, जमिनीवर अंथरूण घालणे, धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास हे सर्व लादीवरच चाले. स्वयंपाकघरातील लाद्यांवर पाटा-वरवंटा व खलबत्ता यांच्या आघाताने पडलेले तडे, उंबऱ्याजवळ रोजच्या रांगोळीची व पायांची झीज, देवघरासमोर तेलाने गडद झालेला चौकोन, या खुणा आजही अनेक घरांत ओळखता येतात. टेबल-खुर्चीचा वापर वाढल्यावर जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ती बसण्याची जागा न राहता फर्निचराची पार्श्वभूमी झाली. तिच्या बदलास हा दृष्टिभेद पुष्कळ अंशी कारणीभूत आहे.

टिकून राहण्याची कारणे : जुन्या लाद्या प्रारंभी टिकल्या त्या जतनाच्या जाणिवेमुळे नव्हे. मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण अधिनियम अंमलात आल्यावर जुन्या घरांची भाडी मुख्यत्वे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. उत्पन्न गोठल्याने मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली आणि घर आपल्या मालकीचे नसल्याने भाडेकरूनेही त्यात मोठा खर्च केला नाही. इमारती जीर्ण होत गेल्या. परंतु आतील जमिनीस कोणी हात लावला नाही. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा अधिनियम होऊन उपकर सुरू झाला, तेव्हा शहर विभागातील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. या मंडळाचे काम मुख्यतः तुळया, खांब, जिने, स्लॅब व सामाईक शौचालये यांच्या संरचनात्मक दुरुस्तीचे होते. अशा प्रकारे जो कायदा इमारतींच्या दुरवस्थेस एक कारण ठरला, त्यानेच त्यांचे अंतर्भागही गोठवून ठेवले.

ही स्थिती पुढे दोन बाजूंनी बदलली. १९६० नंतर सहकारी गृहनिर्माण संस्था व मालकी हक्काच्या सदनिका वाढल्या आणि स्वतःच्या घरावर खर्च करणे शहाणपणाचे ठरले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ याने पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिल्यावर जुन्या भाड्याच्या जागांचे हस्तांतरणही उघडपणे होऊ लागले. नवा रहिवासी घरात येताना प्रथम जमीन बदलू लागला. सुरुवातीस मोझेइक, मग मकराण्याचा व नंतर इटालियन संगमरवर, आणि १९९० नंतर मोठ्या आकाराची व्हिट्रिफाइड लादी असा हा क्रम दिसतो. कमी सांधे, एकसारखा फिकट रंग आणि थोड्या दिवसांत होणारे काम ही तिची आकर्षणे होत. जुनी लादी तिच्या तुलनेत काळोखी व जुनाट वाटू लागली.

नूतनीकरणापूर्वीची पाहणी : मूळ जमीन राखावयाची की नाही, हा निर्णय पुष्कळदा तिच्या वरवरच्या रूपावरून घेतला जातो. प्रत्यक्षात मेण, फिनेल व धूळ यांचे जुने थर निघाल्याखेरीज लादीचा खरा रंग कळत नाही. म्हणून प्रथम एका कोपऱ्यात सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने काही लाद्या स्वच्छ करून पाहतात. त्यानंतर प्रत्येक खोलीचा आराखडा काढून त्यावर लादीगणिक स्थिती नोंदवितात. ३ × ४ मी. खोलीत सु. ३०० लाद्या असतात. त्यामुळे हे काम एका दिवसात होण्यासारखे आहे. लाकडी हातोडीने हलके ठोकल्यास पक्की बसलेली लादी भरीव व सुटलेली लादी पोकळ आवाज देते. पोकळ आवाजाची प्रत्येक लादी काढावी लागतेच असे नाही. न हलणारी व न फुटलेली लादी तशीच ठेवणे श्रेयस्कर असते.

जमीन खचली अथवा लादीवर पांढरा लोणा फुलला असेल, तर तो लादीचा दोष नसून बहुधा खालून वा बाजूने येणाऱ्या पाण्याचा असतो. न्हाणीघराच्या जमिनीतील गळती, भिंतीत गाडलेला गंजका नळ किंवा सज्जाचा उलटा उतार यांचा शोध घेऊन ते कारण दूर करणे हे पहिले काम होय. ते न करता नवी लादी घातल्यास तीही काही वर्षांत सुटते.

भार व स्लॅब : जुनी जमीन न उखडता तिच्यावरच नवी घालणे हा सोपा वाटणारा मार्ग सर्वांत घातक आहे. ३ सेंमी. मसाला व त्यावर १ सेंमी. जाडीची लादी यांचे वजन दर चौ. मी. स सु. ८० किग्रॅ. भरते. १२ चौ. मी. च्या खोलीत ते जवळजवळ एक टन होते. निवासी खोलीसाठी आजच्या मानकानुसार दर चौ. मी. स सु. २०० किग्रॅ. चल भार धरला जातो. म्हणजे माणसे व सामान यांच्यासाठी राखलेल्या क्षमतेचा मोठा हिस्सा कायमच्या ओझ्याने व्यापला जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेने ज्यांच्या स्लॅबमधील सळया गंजलेल्या आहेत, अशा इमारतींत हे धोक्याचे आहे. शिवाय जमिनीची पातळी सु. ४ सेंमी. वाढून दारे कापावी लागतात आणि न्हाणीघराचा उंबरा बुडून पाणी घरात येते.

स्लॅबच्या दुरुस्तीसाठी जमीन काढावीच लागते, ही समजूतही सर्वांशी खरी नाही. सळयांचा गंज बहुधा स्लॅबच्या खालच्या अंगास दिसतो व त्याची दुरुस्ती खालच्या मजल्यावरील छताकडून केली जाते. सुटलेले काँक्रीट काढून, सळया साफ करून व आवश्यक तेथे नव्या जोडून त्यावर पॉलिमरयुक्त मसाल्याचा थर देतात. अशा वेळी वरची जमीन शाबूत राहू शकते. स्लॅब पूर्णपणे नव्याने ओतावयाचा असेल, तेव्हाच सर्व लाद्या काढण्यास पर्याय नसतो. हा निर्णय संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावयाचा असतो. कंत्राटदाराच्या सोयीवर तो सोपविणे इष्ट नाही.

लाद्या काढणे व बसविणे : चुन्याच्या मसाल्यात बसविलेली लादी पातळ छिन्नीने कडेकडेने उचकटल्यास बहुधा अखंड निघते. सिमेंटच्या मसाल्यात बसविलेली लादी मसाल्याशी एकजीव झालेली असते व काढताना बऱ्याचदा फुटते. म्हणून काढावयाच्या भागात प्रथम एक मोडकी लादी फोडून जागा करतात व तेथून बाहेरच्या दिशेने काम नेतात. प्रत्येक लादीच्या पाठीवर आराखड्यातील क्रमांक घालून त्या उभ्या रचून ठेवतात. आडव्या थप्पीत खालच्या लाद्या तडकतात. पाठीवरील जुना मसाला हळूहळू खरवडून, लादी पाण्यात भिजवून पुन्हा बसविली जाते. पातळी व सांधे जुन्या भागाशी जुळविणे हे कुशल गवंड्याचे काम असते.

उणीव भरून काढण्यासाठी लाद्या घरातच मिळू शकतात. ओट्याखाली, भिंतीतल्या कपाटाखाली, अडगळीच्या जागेत घातलेल्या लाद्या दर्शनी भागात आणून त्यांच्या जागी साधी लादी घालतात. पाडल्या जाणाऱ्या इमारतींतील लाद्या जुन्या बांधकाम-साहित्याच्या बाजारातही मिळतात. मात्र जाडी व आकार मोजून घ्यावे लागतात, कारण उत्पादकागणिक त्यांत काही मिमी.चा फरक असतो. विसाव्या व एकविसाव्या शतकांच्या सांध्यावर जुन्या नमुन्यांच्या लाद्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाल्याने नवी जोडही मिळू शकते. नवी लादी प्रथम उठून दिसते. तिला कृत्रिमपणे मळविण्यापेक्षा वापराने मुरू देणे योग्य ठरते.

दोन खोल्यांमधील भिंत काढल्यास तिच्या जागी ११ ते २३ सेंमी. रुंदीचा उघडा पट्टा राहतो व दोन्ही बाजूंच्या नक्षीच्या किनारी समोरासमोर येतात. हा पट्टा लपविण्यासाठी संपूर्ण जमीन उखडली जाते, असे पुष्कळदा आढळते. तेथे साध्या कोब्याची, लाकडाची किंवा एकरंगी लाद्यांची पट्टी भरली, तर खोली एकसंध होते आणि पूर्वीची रचनाही वाचता येते. विजेच्या नळ्या जमिनीत झिरी पाडून नेण्याऐवजी भिंतीतून किंवा छतालगत नेल्यास लाद्यांची सलग रांग कापली जात नाही.

स्वच्छता व चकाकी : सिमेंट अम्लात विरघळते, म्हणून हायड्रोक्लोरिक अम्लाने जमीन साफ करण्याची प्रथा नक्षीदार लादीला मारक आहे. मेणाचे जुने थर योग्य विद्रावकाने व तेलाचे डाग चिकणमातीच्या वा खडूच्या लेपाने शोषून काढता येतात. कार्बोरंडम दगडांचे यंत्र मोझेइकवर सुरक्षितपणे चालविता येते, कारण तिचा खडीचा थर जाड असतो. नक्षीदार लादीवर मात्र ते अखेरचा उपाय म्हणूनच वापरावे लागते. उंचसखल लाद्या सपाट करण्याच्या नादात ३ मिमी.चा रंगथर झिजून नक्षी कायमची जाते. शेवटी मेणाचा पातळ हात पुरेसा होतो. हवा न खेळू देणारा प्लॅस्टिकसारखा लेप दिल्यास खालची ओल अडकून पृष्ठ फुगते. काम चालू असताना जमीन झाकण्याकडेही लक्ष द्यावे लागते. प्लॅस्टिक अंथरून त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर ओतण्याची रूढ रीत संगमरवराला चालते. सिमेंट लादीवर मात्र प्लॅस्टिक फाटल्यास प्लॅस्टर छिद्रांत बसते. गोणपाट व त्यावर प्लायवुडचे पत्रे हे आच्छादन अधिक सुरक्षित असते.

कायदा व मालकी : बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तिच्यात पहिल्या श्रेणीतील वास्तूंच्या अंतर्भागासही संरक्षण आहे. त्याखालील श्रेणींत आतील बदलांस सामान्यतः मुभा आहे. निवासी इमारती बहुशः याच श्रेणींत अथवा यादीबाहेर येतात. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात ९४ इमारती आहेत. परंतु या मान्यतेचा भर दर्शनी रूप व नगररचना यांवर आहे. सदनिकेतील जमिनीचे भवितव्य त्यामुळे जवळजवळ सर्वस्वी तेथे राहणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

याहून मोठा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटई क्षेत्र दिले व हे धोरण पुढील नियमावलीतही चालू राहिले. जीर्ण इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्या कुटुंबांना सुरक्षित व मालकीचे घर मिळणे ही त्यातील न्याय्य बाजू आहे आणि नक्षीच्या कौतुकापायी ती नाकारता येणार नाही. मात्र इमारत पाडताना लाद्यांची नोंद व निवड क्वचितच केली जाते. त्या राडारोड्यातच जातात. बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयी २०१६ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांत विलगीकरण व पुनर्वापर यांची तरतूद करण्यात आली. तिचा उपयोग करून अशा लाद्या शेजारच्या टिकून असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीस पुरविता येण्यासारख्या आहेत.

इतरत्र : बार्सेलोना शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सदनिकांत सिमेंट लाद्या सार्वत्रिक झाल्या. आंतोनी गौदी याने कासा बात्योसाठी आखलेली व पुढे कासा मिला या इमारतीत वापरलेली षट्‌कोनी लादी प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या सदनिकांच्या विक्रीत व भाड्यात मूळ लादीकाम हे आज घराचे मूल्य वाढविणारे वैशिष्ट्य समजले जाते. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात आत्तंगुडी येथे काचेच्या तावदानावर रंग ओतून, दाबयंत्राविना हाताने सिमेंट लाद्या करतात. हा व्यवसाय चालू असल्याने तेथील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला जुळणारा माल सहज मिळतो. या दोन्ही ठिकाणी जतनामागे एकेक बाहेरचा आधार दिसतो : एकीकडे बाजारभाव, दुसरीकडे जिवंत कारागिरी. मुंबईत दोहोंची सुरुवात झालेली आहे, पण ती मोजक्या घरांपुरतीच आहे.

मूल्यमापन : जुनी लादी राखणे म्हणजे गैरसोय सोसून भूतकाळ सांभाळणे नव्हे. गळती, विजेची जोडणी, न्हाणीघर व स्वयंपाकघर यांत पूर्ण सुधारणा करूनही मूळ जमीन ठेवता येते; पुष्कळदा ती ठेवल्याने भार, राडारोडा व खर्च वाचतो. उलट, एकदा फोडलेले लादीकाम पुन्हा उभे करता येत नाही. नवी लादी नमुना देते, झीज देत नाही. मुंबईच्या मध्यमवर्गीय घराचा इतिहास कागदपत्रांत थोडा व लाद्यांत अधिक नोंदला गेला आहे. भाडेनियंत्रणाने त्या अजाणता राखल्या. यापुढे त्या टिकतील त्या जाणून घेतलेल्या निर्णयानेच. जेथे त्या राखणे शक्य नसेल, तेथे निदान आराखडा, छायाचित्रे व पाठीवरील चिन्हासह काही नमुने जपून ठेवणे, एवढे तरी करणे आवश्यक आहे.